बटणाएवढी जागा

आमची ताई मुलखाची नीटनेटकी! तीस वर्षं दवाखान्यात नर्स होती, डाग म्हटला की तिच्या कपाळाला आठी. भावोजी गेल्यावर त्यांची जुनी मोटरसायकल तीच चालवते. परवा बॅटरी बदलताना बाईसाहेबांना सीटखालची बटणाएवढी उघडी जागा दिसली, जिथे बॅटरीची काळी वायर बोल्टने सांगाड्याला लागते. भावोजी अख्खी गाडी रंगवायचे आणि नेमकी तेवढी जागा सोडायचे. त्यावरून ताईने त्यांना जन्मभर टोमणे मारले. आता तिने झकास दोन हात रंग दिला आणि वाळल्यावर वायर घट्ट बसवली.

झालं! ना हॉर्न, ना दिवा. किका मारून मारून तिचा पाय भरून आला.

भाचा वैतागला. "आई, पाच वाजता भंगारवाला येतोय. तोवर चालू झाली तर ठेव, नाहीतर देऊन टाकू."

आणि ही चक्क हो म्हणाली!

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले.

"गप गं. तो बल्ब दे."

दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब तिने बॅटरीच्या दोन टोकांना लावला. लख्ख पेटला. म्हणजे बॅटरी ठणठणीत. फ्यूजही शाबूत. पावणेपाच झाले. मग तिने एक वायर बॅटरीच्या प्लसला धरली आणि दुसरी इंजिनाला टेकवली. बल्ब ढिम्म.

"अगं बाई! करंटला परतायला वाटच नाही. मीच रंगाने बुजवली की!"

भराभर बोल्ट काढला, पॉलिश पेपरने खसाखसा रंग घासला. तेवढ्यात दार वाजलं. भंगारवाला!

"थांबा हो जरा!" मी आतूनच किंचाळले.

बोल्ट आवळला. किक. धडधडधड! हॉर्न तर असा वाजला की मी टाळ्या पिटत नाचले. भाचाही हसला मेला.

ताई मात्र त्या उघड्या जागेवर बोट ठेवून बसली. डोळे भरले होते. "सांगायचे गं ते, तिथून करंट जातो म्हणून. मी म्हणायचे, आळशीपणाला कारणं देऊ नका."

भंगारवाला दारातच ताटकळला होता. "बाई, मग मी काय नेऊ?"

ताईने उरलेल्या रंगाचा डबा उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.