त्रेसष्टावं झाड

पिंपरणवाडीत माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी राजाराम खड्डा काढतो. आटपाडीहून म्हसवडकडं जाताना माळावर जे दोन एकराचं गायरान हिरवं दिसतं, ते या खड्ड्यांचंच. पूर्वी गावातल्या चितांची रक्षा ओढ्यात जायची. ओढा वर्षातले नऊ महिने कोरडा, त्यामुळं राख, हार आणि मयताची गादी तिथंच पडून राहायची. पाऊस लागला की सगळं वाहत पिण्याच्या विहिरीशेजारी येऊन बसायचं. राणीताई सरपंच झाल्या त्या वर्षी ग्रामसभेत ठराव झाला : रक्षा ओढ्यात टाकायची नाही, गायरानात खड्डा काढून त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. "मेल्यावर तरी पाणी बघू द्या की आमास्नी," असं आप्पासो भर सभेत म्हणाले. पुढं गायरानातलं पहिलं झाड त्यांचंच लागलं.

ठराव करायला पंचायत पुरते, पण तो जगवायला कुणीतरी रोज उठावं लागतं. राजाराम पंचायतीचा शिपाई. दवंडी द्यायची, पाणी सोडायचं, सह्यांसाठी कागद घेऊन घरोघर फिरायचं. त्यात ही झाडं आली. हातगाड्यावर सहा कॅन ठेवून तो रोज दोन खेपा करतो.

रक्षेच्या दिवशी गायरानात जत्रा भरते. सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यापायी सेलमला, कोइमतूरला गेलेली पोरं विमानानं येतात. लेकी रडतात, जावई फोटो काढतात, जो तो तांब्याभर पाणी घालतो आणि "मामा, ध्यान ठेवा" म्हणून गाडीत बसतो. मग वर्षश्राद्धापर्यंत तिकडं कुणी फिरकत नाही. मेलेल्यांना राजाराम आणि राजारामला मेलेले, एवढीच काय ती सोबत.

उन्हाळ्यात काही झाडं जळायची. अशा वेळी राजाराम रोपवाटिकेतून त्याच जातीचं, तेवढ्याच उंचीचं रोप शोधून आणायचा आणि गुपचूप बदलायचा. अशी अकरा झाडं त्यानं बदलली होती. लांबून आलेला लेक झाडावर हात फिरवत "आबा केवढे वाढले" म्हणायचा आणि राजाराम मान डोलवायचा. आपण कुणाला फसवतोय असं त्याला कधी वाटलं नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला वाळलेली काटकी कशी दाखवायची?

एक काटकी मात्र त्यानं बदलली नव्हती. कुंपणाकडेला एक करंज वर्षभर वाळून उभा होता. पत्र्याच्या पाटीवर नाव होतं बनाबाई राजाराम, आणि खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख. ही त्याची बायको. त्या वाळक्या खोडाला तो वर्षभर रोज पाणी घालत होता. गावानं ते पाहिलं होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

सोमवारी जिल्ह्याची कमिटी येणार होती. पर्यावरणाच्या स्पर्धेत पिंपरणवाडी शेवटच्या पाच गावांत होती आणि जगलेलं एकेक झाड मोजलं जाणार होतं. ग्रामसेवक रविराजनं बुधवारी राजारामला बाजूला घेतलं.

"मामा, त्रेसष्टपैकी बासष्ट जिती हायत. ते तेवढं एक काढा. नवं लावा."

"बघतो."

"बघतो नको. राणीताई तुमाला कशा सांगतील? म्हणून मी सांगतोय."

गुरुवारी दुपारी राजाराम टिकाव घेऊन करंजापाशी गेला आणि तिथंच बसून राहिला. नवं रोप शेजारी पिशवीत होतं. दुसऱ्यांची अकरा झाडं उपटताना न थांबलेला हात आज वर जात नव्हता. हे खोड उपटलं की बनाबाई खरोखरची गेली, असं त्याला वाटत होतं, आणि मग घरी जायचं ते कशासाठी?

शालूबाई आली. आकारामची बायको, पंचाहत्तरीची. नवऱ्याच्या कडुलिंबाला पाणी घालायला गावातून रोज येणारी ही एकटीच.

"टिकाव घिऊन बसलायस व्हय रं?"

"रविराजभाऊ म्हणत्यात, काढा. हात हुईना, काकी."

"आमच्या मालकाचं दोनदा काढलंस की."

राजाराम चपापला. "तुमाला ठावं हाय?"

"रोज बघणाऱ्याला ठावं आसतंय. पयल्याला बुडातनं दोन फांद्या व्हत्या. तू लिंबच आणलास, ते बरं केलंस. पर तशा फांद्या कुठनं आणशील?"

"मग बोलला न्हाई कवा."

"कशाला बोलायचं? त्येंची माती खाली हायच की. आन् घरात तरी बोलाय कोण हाय माझ्याशी? हितं याला काय तरी निमित्त पायजे."

ती लिंबाकडं वळणार तेवढ्यात राजाराम बोलून गेला.

"हिला म्या पाणीच घातलं न्हाई, काकी."

गेल्या वर्षी टँकर आठवड्यातून एकदाच यायचा. पंचायतीचा माणूस बायकोच्या झाडाला आधी पाणी घालतो, असं कुणी म्हणू नये म्हणून राजाराम बनाबाईचं झाड शेवटी धरायचा. तिथवर येईतो कॅन रिकामा झालेला असायचा. "उद्या घालतो," असं तो करंजाला सांगायचा. बनाबाईलाही तो हेच सांगत आला होता. तिच्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी गावात ग्रामसभा होती. सभा उरकू दे, मग आटपाडीला दाखवू, असं म्हणून तो सतरंज्या अंथरायला गेला होता. घरचं माणूस समजून घेतं, यावर त्यानं जन्म काढला होता. तिनंही शेवटपर्यंत समजून घेतलं आणि झाडानंही घेतलं.

शालूबाईनं त्याची समजूत काढली नाही. "मग आता पयलं हिलाच घालत जा," एवढंच म्हणाली आणि खोडाला हात घातला. दोघांनी मिळून करंज उपटला. खाली मातीत अजून थोडी पांढुरकी राख दिसत होती. राजारामनं त्यावरच रोप ठेवलं, माती सारली, आणि मग सहा वर्षांचं सगळं रडू त्याला एकदम आलं. शालूबाई तिथंच बसून राहिली.

सोमवारी कमिटी आली. साहेब मोजत मोजत कुंपणापर्यंत आले आणि गुडघ्याएवढ्या रोपापाशी थांबले. पाटीवरची तारीख वाचून त्यांनी विचारलं, "सहा वर्षांचं झाड एवढंच?"

रविराज घाईनं पुढं झाला. "सर, इथली जमीन जरा मुरमाड..."

"पयलं वाळलं, साहेब," राजाराम म्हणाला. "म्या वाळवलं. हे गेल्या गुरुवारी लावलंय."

"कोण ह्या तुमच्या?"

"मालकीण. गेल्या गुरुवारी गेली."

साहेबांनी पुन्हा पाटीकडं पाहिलं, मग राजारामकडं. रविराजनं मान खाली घातली. साहेबांनी वहीत काही लिहिलं नाही. पायातले बूट काढले, शेजारचा कॅन उचलला आणि रोपाला पाणी घातलं.

गावाला बक्षीस मिळालं की नाही, हे पुढं पंचायतीच्या भिंतीवर लागेल. राजारामनं अजून कुणाला विचारलेलं नाही. तो सकाळी हातगाडा घेऊन निघतो आणि पहिला कॅन कुंपणाकडेला रिता करतो. मग उरलेल्या बासष्ट झाडांकडं वळतो. घरी परत आल्यावर कुठल्याच झाडाला "उद्या घालतो" म्हणावं लागलेलं नसतं, आणि दुसरं काही बोलायला घरात कुणी नसतं.