आईचे मोकळे हात

मी शिकायला निघाले त्या दिवशी विमानतळाच्या काचेपाशी सगळी दुनिया मुकी झालेली. आत गेलेली पोरं आणि बाहेर राहिलेले आईबाप नुसते हात हलवत होते. बोलत होतो ते फक्त आम्ही तिघं. माझे आई-बाबा दोघंही कर्णबधिर, मी ऐकणारी. काच दहा मैल जाड असली तरी खुणांच्या भाषेला काय फरक पडतो! आमच्यात निरोप लवकर संपत नाही. वर्तकनगरच्या घराच्या दारात तासभर, जिन्यात तासभर. खाली थांबलेला रिक्षावाला तेवढ्यात म्हातारा झाला. (थोडं वाढवून सांगते, सवय आहे.) काचेपलीकडून आई विचारत होती, चकल्या वरच ठेवल्यास ना? बाबांचे हात म्हणाले, "विमान पडलं तर आधी चकल्या वाचव." आम्ही एवढे हसलो की बंदूकवाला जवान दोन पावलं मागे सरला.

इंग्लंडमध्ये एम.ए.ला विषयच तो घेतला, कर्णबधिरांची संस्कृती. मॅडम स्वतः कर्णबधिर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लांबलचक निरोपांवर अख्खं लेक्चर घेतलं. पाठमोऱ्या माणसाला हाक मारता येत नाही, पूर्वी फोनचाही उपयोग नव्हता, म्हणून भेटलेलं माणूस सोडवत नाही. म्हटलं, अरे, हे तर आमच्या जिन्यातलं! मग मीही वर्गाला ठोकून दिलं, की बाबा मला बोलवायला जमिनीवर पाय आपटायचे, तेव्हा खोपटच्या डेपोत एसट्या ब्रेक मारायच्या. वर्ग लोटपोट.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. मामा आईला खडवलीला घेऊन गेला. मामा चांगला आहे. फोनवर म्हणाला, "अगं, ताईची कसली काळजी करतेस? घर भरलेलं आहे. एकटी बसूच देत नाही आम्ही तिला."

खरंच बसू देत नव्हते. सुट्टीत गेले तेव्हा बघितलं. मामी वालाची परात पुढे सरकवायची. वाल सोलून झाले की लसूण, लसूण झाला की मामाची नात मांडीवर. कामात मन रमतं, ही ऐकणाऱ्यांच्या घरातली माया. पण आमच्यात हात भरले की तोंड बंद. आई सकाळपासून रात्रीपर्यंत गप्प होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

मी मामीला सांगितलं. बिचारी कावरीबावरी झाली. "अगंबाई! माझ्या डोक्यातच आलं नाही गं. पण हात रिकामे ठेवून त्या बोलणार कोणाशी?"

मी दगडालाही दोन तास गोष्टी सांगणारी. मी परात ओढली आणि वाल सोलायला लागले.

शिक्षण सोडून येते, म्हणून आईला सांगितलं. तिने लसूण खाली ठेवला. "तिथे आपल्यासारखे खूप आहेत ना?" तिच्या हातांनी विचारलं. "मग माझ्या वाटणीचंही बोलून घे."

परत निघाले तेव्हा पुन्हा तीच काच. मामा हात हलवत होता. मी आतून बोलत सुटलेली, थंडी, चकल्या, काय वाट्टेल ते. आईने पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. ती बघत राहिली, पर्स काही खाली ठेवली नाही. त्या दिवशी आम्हीही काचेपाशी इतरांसारखेच झालो.

तुम्ही जे लांब गेलात आणि तुम्ही जे मागे राहिलात, तुमचं काय ते तुम्हाला ठाऊक. मला इथे कोणी घर कुठे विचारलं, की मी वर्तकनगरला चौदा मजली थाप मारते. खरं घर एवढंसंच उरलंय. रविवारी व्हिडिओ कॉलला आई फोन तांदळाच्या डब्याला टेकवते, पोर मामीकडे देते आणि ओले हात पदराला पुसते. तिथून ते पुन्हा कोणीतरी वालाची परात पुढे सरकवेपर्यंत.