खिडकीबाहेरचे पाहुणे

अमरावतीच्या कचेरीत तार हातात पडली तेव्हा वाटलं, शेवटी साखरेनं आक्काला नेलंच. अकोल्याला पोचल्यावर कळलं, तसं नव्हतं. शाळेत जायला निघाली, छातीत कळ आली म्हणून खुर्चीत टेकली, ती टेकलीच... साखरेनं नाही, फ्लूनं तर मुळीच नाही. दुःख होतंच, पण खरं सांगतो, त्या दोघांना तिनं इतकी वर्षं हात चोळत बसवलं याचा मला अभिमान वाटला. महिना उलटला, तो अजून ओसरलेला नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत शिकवायची. आमच्या वस्तीतली पहिली मास्तरीण. मधुमेह तिला तिशीतच जडला. इन्सुलिनची सुई स्वतःच टोचून घ्यायची आणि साखर किती ते कळायला लघवी निळ्या औषधात उकळून रंग बघायची. निळा राहिला की स्वारी खूश. विटेसारखा लाल झाला की त्या दिवशी घरात कोणी तिच्याशी हुज्जत घालत नसे.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली तेव्हा मी सुटीत तिच्याकडेच होतो. आधी मी पडलो, मग माय, मग आक्का. आम्ही दोघं लवकरच उठून भाकरी मागू लागलो, आक्का मात्र खालावत गेली. घास पोटात टिकेना तेव्हा माय म्हणाली, "पोटात दाना नाही अन् सुई कायले टोचतं व बाई?" आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. सुई बंद झाली. त्यात भेटायला येणारा जो तो रिवाजाप्रमाणे मोसंबी नाहीतर ग्लुकोजचा डबा घेऊन यायचा, खाटेला खेटून बसायचा, खोकायचा आणि जायचा. शेवटी तिला धाप लागली, माणसं ओळखू येईनात.

दवाखान्यात डॉक्टर आमच्यावर कडाडले. "ताप आला की साखर चढते, माणूस जेवो न जेवो! सुईची खरी गरज तेव्हाच. साखर चढली की अंगाची झुंजायची ताकद जाते. म्हणून तुमचा फ्लू नाकावरून गेला आणि हिचा छातीत उतरला."

आक्का वाचली. हाडांचा सापळा होऊन घरी आली आणि दारातच मायला म्हणाली, "आता भाकर चुकली तं चालते माय, सुई नाही चुकत." मग तिनं दुसरा कायदा केला. ज्याला सर्दी-खोकला, त्यानं खिडकीबाहेर उभं राहून बोलायचं.

वस्तीत गहजब झाला. आमचे चुलते तुळशीराम तात्या तर खिडकीच्या गजाला धरून ओरडले, "जल्मभर लोकाइनं आपल्याले बाहेर उभं केलं पोरी. आता तूही करतं?" मी आत मान खाली घालून बसलो होतो. आक्काचा आवाज मात्र जराही चढला नाही. "ते जातीसाठी उभं करत होते तात्या, मी खोकल्यासाठी करतो. जात जल्मभर जात नाही, खोकला जाते. गेला का ये, माह्या संग एका ताटात जेव."

तात्या तणतणत गेले. पण खोकला गेल्यावर आले आणि तिच्या ताटात खरोखरच जेवले. पुढे एकदा वरच्या आळीतले सवर्ण वकीलसाहेब शिंकत आले, तर तेही मुकाट्यानं खिडकीबाहेर उभे! ते पाहून तात्यांचा राग जो पळाला तो कायमचा. मग तेच वस्तीत सांगत फिरायचे, "साखरवाल्याच्या घरी खोकत जाऊ नका रे. अन् तापात सुई बंद करू नका, डाक्टरले इचारा." त्या सुईमुळे वस्तीतली आणखी दोन माणसं तरली, असं आक्का म्हणायची. मी तिच्यावर विश्वास ठेवतो.

ती गेल्यावर घर माणसांनी भरलं होतं. तात्या दिसेनात म्हणून मी बाहेर डोकावलो. म्हातारा खिडकीबाहेर उभा होता, तोंडावर दुपट्टा धरून.

"जयभीम भाऊ. मले खोकला हाय. इथूनच भेटतो."

"तात्या, आता आत या... आता कोणासाठी?"

त्यांनी मान हलवली. "तिनं सांगतलं हाय ना. खोकला गेला का येतो."

काही दिवसांनी ते आले, थेट आत. फळीवरचं आक्काचं पितळी ताट काढलं, मांडीसमोर ठेवलं आणि मला म्हणाले, "बस."

आम्ही दोघं त्यात जेवलो.