ओडिलचा अंगठा

ओडिलने पस्तीस वर्षं लोकांच्या घरांत फरशा बसवल्या, पण फ्लँडर्समधल्या आमच्या गावात त्याचं नाव झालं ते अंगठ्यामुळे. हिवाळ्यात चिखलातून सायकली पळवणारी पोरं शर्यतीआधी त्याच्यापुढे चाक धरायची. तो टायर दाबून "अजून सोड" म्हणायचा आणि पोरं मुकाट हवा सोडायची. कुणी हवा मोजायचा काटा काढलाच, तर विचारायचा, "त्याला चिखल कळतो का?" मला हा माणूस आवडायचा, पण त्याच्या ऐटीने डोकंही फिरायचं.

त्या रविवारी पार्कातल्या टेकडीवरच्या शर्यतीत त्याची मुलगी योरीन उतरली होती. पहिल्या पाचांत आली तर एक व्यावसायिक संघ तिला पगारावर घेणार होता, आणि संघाचा माणूस शेवटच्या रेषेपाशी उभाच होता. नाही आली, तर बेकरीतली नोकरी आहेच. चोविसाव्या वर्षी पुन्हा कोण विचारतो?

दर अर्ध्या फेरीला योरीन आमच्याकडे यायची, चिखलाने जड झालेली सायकल टाकायची आणि दुसरी, धुतलेली घेऊन सुटायची. धुणं माझ्याकडे, हवा ओडिलकडे. एरवी मी कॅफेत बिअर ओततो.

सकाळी जमीन गोठून टणक होती. शर्यत सुटली आणि ऊन पडलं. टेकडीच्या कुशीतून तिरकी जाणारी वाट बघता बघता निसरडी झाली. आता हवा कमी हवी होती, मऊ टायरच चिखलात पकड घेतं. ओडिलने सोडली, टायर दाबलं, परत दाबलं. "झालं," म्हणाला.

दुसऱ्या फेरीत योरीन त्या तिरक्या वाटेवर आडवी झाली. तिसऱ्या फेरीत पुन्हा. पाचवी होती ती नववी झाली.

"बाबा, टायर आहेत की दगड!" सायकल टाकता टाकता ती ओरडली.

"ब्रेक दाबतेस तू! घाबरू नकोस!"

ती गेली. मी तिने टाकलेल्या सायकलचं चाक धुताना सहज चाचपलं. मलासुद्धा कळलं.

"ओडिल, अरे हे कडक आहे."

तो टायरकडे बघतच नव्हता. अंगठा पँटवर घासत होता.

"कळत नाही रे," तो म्हणाला. "अंगठा बधिर झालाय. लाकूड झालंय त्याचं."

"मग बोंबल की! त्या पलीकडच्यांचा काटा आणतो मी."

"नको. सगळे बघतील."

अस्सा संताप आला मला! पोरीचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि ह्याला चारचौघांची पडलीय. पण भांडायला वेळ कुठे होता? योरीन वळणावर दिसत होती आणि दोनच फेऱ्या उरल्या होत्या. तिने हात पुढे केला. ओडिलने सायकल सोडलीच नाही.

"सोड ना, बाबा!"

"थांब. मला कळत नाहीये. तूच दाब."

शर्यतीत कुणी असं थांबत नाही. क्षणभर ती बापाकडे बघतच राहिली. मग वाकली, दोन्ही चाकांतली हवा सोडली, दाबून बघितली आणि सुटली.

तिरक्या वाटेवर तिने पाय टेकला नाही. आठवी झाली. सातवी. शेवटच्या चढावर सायकल खांद्यावर टाकून पळताना तिने आणखी एकीला मागे टाकलं. पुढची, पाचवी, अगदी हाताशी होती.

हाताशीच राहिली. योरीन सहावी आली. संघाचा माणूस पाचवीशी हस्तांदोलन करायला गेला.

गाडीमागे ओडिलने तिला वाटाण्याचं गरम सूप दिलं. तिने वाटी हातात घेतली, पण प्यायली नाही.

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"म्हणजे ऑक्टोबरपासून मी जेवढ्या वेळा पडले..."

ओडिल सुपाच्या भांड्यावर झाकण लावू लागला.

"दर वेळी म्हणालास, योरीन, तू घाबरतेस," ती म्हणाली. "मला ते खरं वाटलं, बाबा. दर मंगळवारी मी डॉक्टरीणबाईंकडे जाते. भीती घालवायला."