दुकानात नुसत्या बसलेल्या आजी

कर्जावर घेतलेल्या जुन्या मोटरसायकलचं मीटर मागे फिरवलेलं निघालं, म्हणून मी कोलकात्याच्या बेहाला भागातल्या त्या दुकानात भांडायला गेलो. तिथे एक बंगाली आजी पंख्याखाली मुरमुरे खात बसल्या होत्या. नातवाने इथूनच कर्जावर घेतलेल्या गाडीतही तीच लबाडी झालेली. गिऱ्हाईक आलं की त्या प्रेमाने म्हणायच्या, "मीटर किती कमी दाखवतंय बघ बाबा, पण ब्रेकच्या पायपट्टीचं झिजलेलं रबरही बघ." गिऱ्हाईक वाकून बघायचं आणि निघून जायचं.

मालक हात जोडून म्हणाला, "माशीमा, अहो मावशी, घरी जा ना."

"मी कुठे भांडतेय? नुसती बसलेय."

हक्क मागायला आवाज चढवावाच लागतो, असं मला तोवर वाटायचं. मी गुपचूप शेजारी खुर्ची ओढली.

संध्याकाळपर्यंत मालकाने दोन्ही गाड्या परत घेतल्या, फायनान्सवाल्याला बोलावून कर्जंही रद्द करवली. आजी मात्र हिरमुसल्या.

"आता उद्या दुपारी करू काय?"