दौंड किती दावतंय?

आमच्या न्हावऱ्याच्या शाळेत मुलांनी प्रकल्पासाठी ऑनलाइन नकाशावर घर ते शाळा रस्ते काढले, तेव्हापासून शिपाईमामांना नादच लागला. शाळा सुटली, की वर्गांना कुलपं घालून ते संगणकापाशी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत.

“सर, दौंड किती दावतंय आज?”

दौंडला त्यांचा मुलगा राहतो.

“पंचावन्न मिनिटं.”

“काल सत्तावन्न व्हती,” म्हणायचे, आणि मुलगा दोन मिनिटं जवळ आल्यासारखे हसायचे.

एकदा मी वैतागलोच. “मामा, रोज नुसतं विचारता काय? रविवारी गाडीवर बसा, मी सोडतो.”

त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने स्क्रीन सावकाश पुसली.

“नगं सर. तिकडूनबी रस्ता तेवढाच हाय.”