वजूचा दगड आणि अडकणारा कॉम्प्युटर

मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. चिंचेखाली अमकं दिसलं असं कोणी सांगायला लागलं की मी म्हणायची, "आधी डोळे तपासून ये!" आमच्यात गेलेला माणूस अल्लाकडे गेला, तो परत येत नाही — एवढं साधं. तरी हे लिहितेय... कारण गेल्या मे महिन्यापासून पोटात ठेवून ठेवून जड झालंय.

आमचं घर मालवण तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या कातळावर. घरात मी आणि माझी लेक रुही. आमचे हे त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेले. रुही पुण्याला इमारतींची थ्रीडी चित्रं करायच्या नोकरीत. माझ्यासाठी तिने ऑफिसला विनवून घरून काम मागितलं. साहेब म्हणाले, महिनाभर बघू. जमलं तर ठीक, नाहीतर पुण्याला परत... म्हणजे मग मी इथे एकटी.

तिने सुटे भाग मागवले नि स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. दिसायला नवरीसारखा, आत लाल-निळे दिवे! आणि तिसऱ्या दिवसापासून चालता चालता गप्प. चित्र जागच्या जागी थिजलेलं, माऊस हलेना.

"अम्मा गो, परत अडकलो!" दिवसातून चार-पाच वेळा ही हाक.

रॅम काढून खोडरबराने पुसून बसवली. सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. पॉवर सप्लाय बदलला. शेवटी सावंतवाडीच्या एका दुकानात नेला — तिथे दोन दिवस लेकाचा एकदाही अडकला नाही! घरी आणला, तासाभरात गप्प.

"भायर गुणी नि घरात हट्टी, अगदी तुझ्यासारखो," मी म्हटलं. रुही हसली नाही. तिने माळ्यावरची बॅग खाली काढून ठेवली होती.

तेव्हा मी दाजींना बोलावलं. धामापूरचे वायरमन, यांचे जुने दोस्त. त्यांनी कॅबिनेटला हात लावला नि झटकन मागे घेतला.

"भाभी, झिणझिण्या येतत! मशीन बरा आसा. तुमचा अर्थिंग सुकला हा."

घराच्या अर्थिंगची तार परसातल्या एका खड्ड्यात उतरते, मीठ-कोळसा भरलेल्या. त्याच्या कडेला सपाट दगड. हे रोज पाच वेळा त्यावर बसून वजू करायचे, नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायचे, आणि पाणी घरंगळत खड्ड्यात जायचं. उठले की दगड भोवताली ओला, मध्ये बसण्यापुरता कोरडा. पंचवीस वर्षं मी तो तसाच बघितला.

"भाईजान गेले नि खड्ड्याक पाणी घालूक कोण नाय," दाजी म्हणाले. "रोज दोन कळश्या घाला."

घातल्या. चार दिवस एकदाही अडकला नाही! मी शेजारीपाजारी सांगत फिरले.

पाचवा दिवस शुक्रवार. दुपारी चारला रुहीने मोठ्या साहेबांना ऑनलाइन काम दाखवायचं, त्यावरच महिन्याचा निकाल. आणि नेमकी त्या सकाळी विहीर तळाला गेली. पिण्याचं होतं नव्हतं ते पाणी मी खड्ड्यात ओतलं — कातळाने एका घोटात प्यायलं. दुपारी कॉम्प्युटर दोनदा अडकला. या वेळी रुहीने हाकसुद्धा मारली नाही...

साडेतीनला मी कळशी घेऊन खालच्या वाडीतल्या विहिरीवर निघाले. रुही कॅमेऱ्यासमोर बसली होती. फाटकाची कडी बाहेरून मीच घातली. मे महिन्याचं ऊन, वाटेत दोनदा सावलीला टेकले. भरली कळशी घेऊन परत चढणीला लागले तेव्हा साडेचार वाजून गेलेले. बंदरावरच्या मशिदीत अस्रची, दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली. कान घराकडे. आता ती हाक येणार... आता येणार...

आली नाही. खिडकीतून रुहीचा आवाज येत होता — इंग्रजीत, न अडखळता. मी सरळ परसात गेले.

खड्डा भरलेला. पाणी अजून मुरत होतं, वर बुडबुडे फुटत होते. दगड भोवताली ओला.

मध्ये कोरडा.

कळशी कमरेवर तशीच राहिली. डोक्यावरचा पदर मात्र आपोआप सावरला गेला.

रुही जागची उठली नव्हती, साहेबांनी सगळा वेळ तिला बघितलंय. फाटकाची कडी होती तशी. दाजी त्या दिवशी वैभववाडीला कामावर. ऐकून म्हणाले, "पाइप फुटलो असतलो." येऊन खणून बघितलं. त्या बाजूला पाइपच नाही. मग दाजींनी टोपी काढून हातात धरली नि चहा न घेता गेले.

रुहीला कायमचं घरून काम मिळालं. बॅग परत माळ्यावर गेली. कोणा शहाण्याला याचा उलगडा होत असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन.

आता रोज दोन कळश्या मीच घालते. पण दगडाच्या कडेकडेने. मधली जागा मी भिजवत नाही.